ती पुढं, मी मागं

आज पहाटे मी एका परक्या बाईच्या मागोमाग तळ्यापर्यंत गेलो.

वाक्य जसं दिसतं तसं नाही, हे आधीच सांगून टाकतो. ठाणं लहान आहे आणि आमच्या आळीतली माणसं कुठलंही वाक्य अर्धंच ऐकतात. काकडआरतीला निघालो तेव्हा आमचं कुटुंब माझ्या थोडं पुढं होतं. धुकं होतं. वळणावर बायकांचा घोळका भेटला, त्यात हिरवी लुगडी दोन निघाली. त्यातलं एक मी नजरेनं धरलं आणि मान खाली घालून चालू लागलो. विठोबाचं देऊळ मागं पडलं, तळ्याचा काठ आला, तरी लुगडं थांबेना. शेवटी ते वळलं, तर आत शेजारच्या गंगूकाकू. हातात तांब्या.

"काय हो, कुठवर यायचा विचार आहे?"

"आरतीला."

"आरती मागं राहिली. मी गवळ्याकडं चाललेय."

परत आलो तर ही देवळाच्या पायरीवर पदर तोंडाला लावून बसलेली. पदरामागं काय चाललं होतं ते खांद्यांवरून कळत होतं.

आता जाणता वाचक विचारील की नवरा बायकोच्या मागून चालतोच का. रास्त प्रश्न आहे. आमच्याकडं पुरुषानं पुढं चालावं आणि बाईनं मागं, आणि तेही इतकं अंतर राखून की परगावच्या माणसाला दोघांचं नातं कळू नये. एरवी वर्षभर मीही रीतीप्रमाणं पुढंच असतो. पण कोजागरी उलटली, पहाटेचे टाळ ऐकू येऊ लागले की माझा पाय आपोआप मंदावतो आणि मी मागं पडतो. ही खोड मला अशाच एका आश्विन-कार्तिकात लागली.

ह्या दिवसांत ठाण्याची हवा काही वेगळीच असते. कापलेल्या भाताचा वास शेतातून थेट माजघरात येतो. मिठागरांच्या बांधांना नवा चिखल लावायला घेतात, त्याचा ओला, खारट वास सकाळी खाडीवरून उठतो. घरोघर भाजणी भाजतात. देवळात काकड्याच्या तुपाचा धूर असतो आणि गाभाऱ्यात शेवंती. लोकांना ह्या वासांनी दिवाळी आठवते. मला माझे गुडघे आठवतात. ते लटपटायला लागले की समजायचं, कोजागरी झाली.

आमची एकुलती एक मुलगी वेणू. त्या वर्षी वैशाखात तिचं लग्न झालं, कल्याणला, वकिलाच्या घरी. श्रावण सरता सरता मी तिला सासरी पोचवायला गेलो. मी परत निघताना ती रडली नाही. ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. एवढंच म्हणाली, "नाना, दिवाळीला न्यायला तुम्हीच या हं."

"येतो," म्हटलं. त्यात काय अवघड होतं? ठाणं ते कल्याण. आगगाडीत बसायचं, उतरायचं.

परतताना पारसिकच्या डोंगरातला बोगदा आला. डबा काळा झाला, आणि कुणीतरी माझ्या छातीवर जातं मांडून दळायला बसलं. घशाला कोरड, हातापायांना मुंग्या, अंगाला घाम, आणि डोक्यात एकच शब्द, संपलं. समोरचे एक भाटिया गृहस्थ उपरण्यानं वारा घालत होते. बोगदा सरला, उजेड आला, तर मी जिवंत होतो. डब्यात सगळ्यांत जास्त आश्चर्य मलाच वाटलं.

तेवढ्यावर थांबलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. आधी बोगद्याची भीती बसली. मग गाडीची, कारण गाडी बोगद्यात जाते. मग स्टेशनची, कारण तिथं गाडी येते. मग स्टेशनच्या रस्त्याची. भीतीची वकिली पक्की असते, एक मुद्दा सुटत नाही. शेवटी शेवटी कचेरीला निघालो आणि आळीच्या वळणावरचा वड दिसला, की मला भीतीची भीती वाटायची. आता येईल, आता येईल, म्हणेपर्यंत ती यायचीच. बोलावल्यासारखी. मी पोटाचं कारण सांगून रजा काढली. सरकारात पोटाला मान आहे. काळजाची कुणी रजा देत नाही.

उपाय पुष्कळ झाले. आईनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. वैद्यबुवांनी नाडी धरून "वात वर चढलाय" म्हणून सांगितलं आणि ब्राह्मीचं तूप दिलं, डोक्याला तेल दिलं. तेलानं माझ्यापेक्षा माझ्या उशीला बरं वाटलं, तरी झोप थोडी लागू लागली हे खरं, उगाच त्यांचं ऋण नाकारू नये. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि म्हणाले, "तुमचं काळीज घोड्यासारखं आहे."

"मग धावतं का असं?"

"घोडं आहे म्हणून धावतं. चाबूक कुणाच्या हातात आहे ते बघा."

ते बघायचं कसं, ते मात्र बाटलीवर लिहिलेलं नव्हतं. औषध खारट होतं. ते घेतलं की भीती आणि मी दोघंही झोपायचो, आणि उठायचोही बरोबरच. कचेरीतले एक स्नेही भेटायला आले, "मन घट्ट करा" म्हणून सांगून गेले. मन म्हणजे काय धोतर आहे, निऱ्या खोचल्या की घट्ट?

आणि व्याह्यांना ह्यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. मुलीच्या बापाला वेड लागलंय अशी कुणकुण लागली असती, तर ती टोमण्याच्या रूपानं वेणूच्या ताटात पडली असती. तिला आणायला मीच जायला हवं होतं. डोंबिवलीच्या चुलतभावाला पाठवू का, असं आम्ही एकाकडून विचारून पाहिलं, तर विहीणबाईंचा निरोप आला, "बाप धडधाकट असताना भाऊबंद कशाला? पहिल्या सणाला बापानं यावं. नाहीतर पोर इथंच बरी आहे."

धडधाकट बाप त्या वेळी परसातल्या तुळशीवृंदावनाला टेकून श्वास मोजत बसला होता.

तिथंच ही येऊन बसली. हातात निवडायचे तांदूळ. खडे काढता काढता म्हणाली, "छातीत होतं तेव्हा नक्की काय वाटतं हो?"

इतक्या जणांनी मला तपासलं होतं, पण हे कुणी विचारलं नव्हतं.

"वाटतं, आता मरणार."

"मग मरता का?"

"अजून तरी नाही."

"राहतं किती वेळ?"

मी विचार केला. "भाताला आधण येईपर्यंत."

"मग जातं?"

"जातं."

तिनं सूप पाखडलं. "मग ही विहीणच की. सांगून येत नाही, आली की सगळ्या घराला घाम फोडते, रुसते, फुगते, आणि शेवटी आपल्या घरी जाते. कुठली विहीण कायमची राहिलीय? तिला हाकलू नका आणि तिची समजूतही घालू नका. बसू दे एका बाजूला."

त्या दिवसापासून आमच्या घरात त्या आजाराला विहीणबाई हे नाव पडलं. "आल्या का?" ती डोळ्यांनी विचारायची. "आल्यात," मी मानेनं सांगायचो. ती भाजी चिरत राहायची. तिची विळी थांबत नाही हे बघून माझी छाती थोडी थोडी ताळ्यावर यायची.

कोजागरीनंतर तिनं आईंना सांगितलं, वेणूसाठी काकडआरतीचा नेम धरलाय. मला म्हणाली, "तुम्ही यायचं. मी पुढं, तुम्ही मागं."

"लोक काय म्हणतील?"

"मी मागून आले तर तुम्ही पडलात का पळालात ते मला दिसेल. पण मी आहे हे तुम्हाला कसं कळणार? वळून वळून बायकोला बघणारा पुरुष दिसायला आणखीच वाईट. तुम्ही आपले माझ्या लुगड्याच्या काठाकडं बघत या. विहीणबाई आल्या तर उभे राहा. मीही राहीन. मागं मात्र फिरायचं नाही. त्या गेल्या की पुढचं पाऊल."

असा आमचा दोघांचा छबिना निघू लागला. माझ्या वहाणा करकरायच्या. त्या थांबल्या की ती थांबायची. वळून बघायची नाही. कधी जोडवं सैल व्हायचं, कधी कुणाच्या कुंपणावरची जास्वंद खुडायची असायची, कधी पदर नीट करायचा असायचा. मी घामाघूम होऊन वडाला धरून उभा, आणि पुढं धुक्यात तो हिरवा काठ, निवांत, जशी काही सगळी सकाळ तिला त्या जास्वंदीसाठीच दिलेली आहे. मग वहाणा पुन्हा करकरायच्या.

आधी वळणावरचा विठोबा झाला. मग तळ्याकाठचा महादेव. मग टेंभीवरची देवी. देव बदलत गेले आणि दर खेपेला थोडे लांबचे होत गेले. माझी भक्ती इतकी वाढलेली पाहून भटजी चकित झाले.

पारावरच्या मंडळींनाही करमणूक झाली. "काय नाना, आज इंजिन पुढं लावलंय वाटतं?"

"घरात इंजिन कोण आणि डबा कोण, त्याचा निकाल लागला एकदाचा," दुसरा म्हणाला.

हे आईच्या कानावर गेलं. ती संध्याकाळी वाती वळत होती. म्हणाली, "अरे, लोक हसतात रे." तिनं आणखी एक वात वळली. "हसोत. तू चाल."

बोगदा काही मला झेपणार नव्हता, म्हणून खाडीनं जायचं ठरलं. चेंदणीच्या बंदरावरून भरतीबरोबर कल्याणला होड्या जातात. धनत्रयोदशीच्या सकाळी आम्ही बंदरावर पोचलो, ती पुढं, मी मागं. होडी राघो कोळ्याची. त्यानं हात दिला. मी एक पाय होडीत ठेवला. होडी हलली, आणि छातीवर जातं मांडलं गेलं. दुसरा पाय धक्क्यावरून सुटेना.

राघोनं बराच वेळ वाट पाहिली. मग म्हणाला, "रावसाहेब, होरीत बसाचा का धक्क्याव बसाचा, येक कय ते ठरवा. भरती कोनासाठी थांबत नाय."

मी आतला पाय बाहेर घेतला. होडी गेली. तिच्यात वेणूच्या सासरी द्यायच्या करंज्यांचा डबाही नव्हता, तो हिच्या हातातच राहिला होता. आम्ही घरी आलो. वाटेत वहाणा कुठंच थांबल्या नाहीत. घराच्या दिशेनं मला कधीच भीती वाटायची नाही.

नरकचतुर्दशीला आईनं सवयीनं वेणूचाही पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. मग तिच्या लक्षात आलं. रांगोळी तिनं पुसली नाही, पाट तेवढा उचलून भिंतीला उभा केला. मी त्या दिवशी उटणं लावून घेताना भिंतीकडं पाठ करून बसलो. सणाला कल्याणहून आलेल्या एकानं विहीणबाईंचे शब्द जसेच्या तसे पोचवले. बाप येत नसेल तर पोरीनं काय समजायचं ते समजावं.

माणसाला भीतीची लाज वाटते. आणि लाज ही भीतीची सख्खी बहीण आहे, दोघी एका ताटात जेवतात. मला तर वाटलं, आता संपलं, आता मी आयुष्यभर ह्या वडाच्या अलीकडचा माणूस.

भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे बघतो तर ही दारात उभी, हातात आरतीचं तबक.

"आज कुठं?"

"बंदरावर."

"आता कशाला? दिवाळी गेली."

"दिवाळी गेली," ती म्हणाली. "वेणू कुठं गेलीय?"

मग रोज बंदर. देव म्हणून तिथं एक शेंदूर लावलेला मारुती होता, तेवढा आमच्या नेमाला पुरला. पहिल्या दिवशी मी धक्क्यावर बसलो. नंतर बांधलेल्या होडीत नुसता बसून राहू लागलो. जातं यायचं, दळायचं, जायचं. होडी डुलायची, खाली चिखलात खेकडे आपल्या कामाला लागलेले असायचे. राघोला प्रथम मौज वाटली, मग काळजी. "कोंबरी हाव का तुमी, रोज येऊन बसताव? होरीतशी पिल्ला नाय निंघाची." त्याची बायको टोपलीत मासळी भरत होती. तिनं त्याला गप्प केलं. "बसूं दे रं. तुजा कय जाताय?"

एका सकाळी मी बसलेला असताना भरती चढली आणि राघोनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. त्यानं दोर सोडला.

मुलीच्या आईनं उठून मुलीच्या सासरी जायचं नसतं, तेव्हा ही येणार नव्हती. पण होडी निघाली तशी ती धक्क्यावरून उतरली आणि काठाकाठानं मिठागराच्या बांधावरून चालू लागली. होडीच्या पुढं. रोजच्यासारखी, वळून न बघता. ओल्या बांधावर तिची पावलं उमटत होती आणि मी त्या हिरव्या काठाकडं बघत होतो. बांध संपला तिथं ती वाकून पायातला काटा काढू लागली. होडी तिला ओलांडून बरीच पुढं गेली तरी तो काटा निघेना.

आगगाडीच्या पुलाखाली विहीणबाई आल्या. मी त्यांना होडीत जागा दिली. राघो वल्ही मारत होता, पाणी कडेला लागत होतं. पलीकडं डोंगरात गाडी शिरताना दिसली, घुशीसारखी, शेपटी आत जाईपर्यंत मी पाहिली. आधण येण्याइतका वेळ गेला. मी मेलो नाही. मुंब्र्याची देवी डोंगरावर, डोंबिवलीकडची भातं कापून मोकळी झालेली, बगळे. दुर्गाडीचा बुरूज दिसला तेव्हा मला चक्क भूक लागली होती.

व्याह्यांच्या दारात विहीणबाईच भेटल्या. खऱ्या.

"वेणूला न्यायला आलोय," मी म्हटलं.

"वेणू कोण? आमच्याकडं सरस्वती आहे."

लग्नात नाव बदललं होतं, ते मी विसरलो होतो. "तीच," म्हटलं. मला झोपाळ्यावर बसवलं. व्याही पगडी काढून समोर बसले. वेणू आतून पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन आली. किती वाळली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. ते समजायचं ते समजून चुकलेल्या माणसाचं पाहणं होतं. आणि इथं, सगळा खाडीचा प्रवास पार पाडून, झोपाळ्यावर, जातं माझ्या छातीवर आलं. जीभ टाळ्याला चिकटली. मी वेणूच्या हातातला तांब्या घेतला आणि घटाघटा पिऊन टाकला.

मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरच्या पाण्याचा थेंबही घेत नाही. आणि मी घेतलं होतं तेही पाय धुवायचं.

लपवायला आता काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "मला धडकी भरते. श्रावणापासून. म्हणून दिवाळीला येता आलं नाही. पोरीवर माया नाही म्हणून नव्हे."

हे मी व्याह्यांना सांगत होतो, पण बघत वेणूकडं होतो.

व्याह्यांनी घसा साफ केला. कोर्टात साफ करत असतील तसा. "मनाई आहे ती पिण्याच्या पाण्याला," ते म्हणाले. "हे पाय धुण्याचं पाणी. ते पाहुण्यांनी कुठल्या वाटेनं पायापर्यंत पोचवलं, त्याच्याशी शास्त्राला कर्तव्य नाही."

विहीणबाई हसल्या नाहीत. माझ्याकडं निरखून बघत राहिल्या. मग आत वळून म्हणाल्या, "वेणू, गाठोडं आण." गाठोडं इतक्या लवकर आलं की माझ्या चेहऱ्यावर नवल दिसलं असावं. "धनत्रयोदशीपासून बांधलेलं आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सोडू देत नव्हती."

ओहोटीबरोबर परत निघालो. होडीत वेणू गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. पुलापाशी तिनं विचारलं, "नाना, आत्ता होतंय का?" मी म्हटलं, "थोडं." तिनं माझ्या पाठीवर तळवा ठेवला आणि राघोशी बोलायला लागली, कोलंबीला आत्ता काय भाव आहे म्हणून. आम्ही कोलंबी खात नाही.

तो आजार तेव्हा गेला, असं म्हणायला मला आवडलं असतं. तो गेला नाही. वर्षातून एखाद्या वेळी येतो, बसतो, जातो. रजा संपली, मी कचेरीत रुजू झालो, पुढं बोगद्यातूनही गेलो, डोळे मिटून आणि मग उघडे ठेवून. वेणूला आता दोन मुलं आहेत, तेव्हा मी तिच्याकडं राजरोस पाणी पितो, आणि व्याही दर खेपेला विचारतात, कुठल्या तांब्यातलं देऊ.

पण त्या दिवसाचं सांगत होतो. संध्याकाळ झाली होती. वेणू जेवून आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, करंजीचा अर्धा तुकडा हातातच. ही तुळशीपाशी दिवा लावत होती. मी जरा ताठ चालत तिच्याजवळ गेलो. कल्याण जिंकून आलेल्या माणसाला तेवढा हक्क असतो. म्हटलं, "मग, उद्या काकडआरतीला कुठलं देऊळ?"

तिनं वात सारखी केली.

"कुठलंही. पण उद्या तुम्ही पुढं चाला," ती म्हणाली. "इतके दिवस मी पुढं होते. डोळ्यांना पदर लावायची सोय नव्हती. मागून तुम्हाला दिसलं असतं."